बंदराचा गाळ आणि शिवाराचा गाळ

उन्हाळा अर्धा सरला की हदगाव परिसरातील पाझर तलाव व गावतळी तळाला जातात. काळ्या चिखलाला भेगा पडू लागतात आणि मग पोकलेन, टिप्पर व ट्रॅक्टर यांची ये-जा सुरू होते. तलावातील गाळ पसरला की हलक्या, मुरमाड रानाचा कस वाढतो, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. २०२३ साली ती नव्याने सुरू झाली, तेव्हा लहान शेतकऱ्याला गाळ वाहून नेण्यासाठी व पसरविण्यासाठी अडीच एकरांपर्यंत कमाल ३७,५०० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे गाळ म्हणजे फुकट मिळणारे सोने, अशी भावना आपल्याकडे रूढ झाली आहे. ती बहुतांशी खरी आहे.

समुद्रकिनारी मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थाने उच्चारला जातो. बंदरात गाळ हा जहाजाच्या वाटेतील अडथळा असतो, आणि ज्या बंदराच्या पाठीशी कारखाने व महानगर असते, तेथे तो विषाचा साठाही असू शकतो. तो उपसावा तर लागतोच. उपसल्यावर ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न जगातील सर्व मोठ्या बंदरांना सतावीत आला आहे.

हदगावपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही या विषयावर लिहिण्याचे आम्ही ठरविले. आपल्या मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांतील माणसे आज मुंबई, नवी मुंबई व उरणच्या बाजूस कामाला आहेत. वसईच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारे बांधव आपल्याच श्रद्धेचे आहेत, आणि बंदरातील गाळाचा पहिला फटका त्यांच्या जाळ्याला बसतो. पण याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. गाळाविषयी बंदरांनी मोठी किंमत मोजून जे ज्ञान मिळविले, ते फुकट गाळ घेणाऱ्या शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचे आहे.

बंदरात गाळ का साचतो?

पावसाळ्यापूर्वी ओढ्याच्या पात्रात एक खोल खड्डा खणून पाहावा. पहिल्याच पुरानंतर तो भरलेला दिसेल. बंदराचा जलमार्ग हा असाच एक लांबलचक खड्डा असतो. मोठ्या जहाजांसाठी समुद्राचा तळ नैसर्गिक खोलीपेक्षा अधिक खोल केलेला असतो आणि वाहते पाणी तेथे मंदावताच आपल्यासोबतचा गाळ खाली सोडते. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक मोठ्या उधाणाच्या दिवसांत पाच मीटरांच्या आसपास जातो. ठाण्याची खाडी, उल्हास नदी व लहान-मोठे नाले पावसाळ्यात माती आणतात, आणि भरतीचे पाणी ती पुन्हापुन्हा ढवळून आत-बाहेर नेते. म्हणून मुंबई बंदर असो वा १९८९ साली न्हावा-शेवा येथे सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर असो, ड्रेजर नावाचे गाळ उपसणारे जहाज तेथे कायमचेच पाहुणे असते.

गाळ उपसण्याचे दोन प्रकार आहेत. नवा मार्ग खणणे किंवा जुना अधिक खोल करणे हा एक. आणि साचलेला गाळ वेळोवेळी काढणे, म्हणजे देखभालीचा उपसा, हा दुसरा. हा भेद कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. केंद्र शासनाच्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेनुसार नव्या उपशाला पूर्वमंजुरी लागते. देखभालीचा उपसा मूळ प्रस्तावात व त्याच्या पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असेल, तर त्यासाठी पुन्हा मंजुरी घ्यावी लागत नाही. सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे. परंतु गाळ दरवर्षी नवा येतो, आणि दहा वर्षांपूर्वी केलेली तपासणी आजच्या गाळाविषयी काहीच सांगत नाही. म्हणून गाळाची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याची अट मूळ आराखड्यातच लिहिलेली असणे आम्हाला अत्यावश्यक वाटते.

पाणी विसरते, गाळ विसरत नाही

वाळूचा कण जाड व गुळगुळीत असतो. त्याला विष फारसे चिकटत नाही. चिकणमातीचे कण मात्र अतिसूक्ष्म. चिमूटभर चिकणमातीतील कणांचा एकूण पृष्ठभाग अंगणाएवढा भरू शकतो. पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू, तेलाचे अंश आणि कीटकनाशके या पृष्ठभागाला व त्यातील कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला चिकटून बसतात. पाण्याची तपासणी केली तर ते स्वच्छ आढळू शकते. दूषित द्रव्य केव्हाच तळाशी गेलेले असते. कारखाना बंद पडला, मालक बदलला, कामगार गावी परतले, तरी त्याने सोडलेले द्रव्य तळाच्या थरांत पडून राहते.

यहेज्केल संदेष्ट्याच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातील दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे. मंदिरातून निघालेले पाणी खारट समुद्राला मिळते, तेथील पाणी गोडे होते आणि कोळी काठावर आपली जाळी पसरतात. त्याच दृष्टांतात एक छोटा तपशील आहे, ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही: दलदलीच्या जागा व डबकी मात्र निर्मळ होत नाहीत, त्या खारटच राहतात. त्या तपशिलाचा आध्यात्मिक अर्थ धर्मगुरूंनी सांगावा. खाडीकाठच्या माणसाला तो डोळ्यांनी दिसतो, एवढेच आम्ही म्हणू.

मुंबईच्या परिसरातील पुरावा उपलब्ध आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उल्हास नदीच्या खाडीतील गाळात साचलेल्या पाऱ्याची नोंद आहे. कॉस्टिक सोडा व क्लोरीन तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरला जात असे, हा त्याचा एक उगम. २००६ साली त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांचा कोची व मुंबई या बंदरांतील गाळाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ट्रायब्युटाइल टिन या वर्गातील द्रव्ये आढळली. जहाजाच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगात हे द्रव्य असे. ते इतके जहाल, की अत्यल्प प्रमाणातही मादी गोगलगायींना नराची इंद्रिये फुटतात व त्यांची पैदास खुंटते. आंतरराष्ट्रीय कराराद्वारे सप्टेंबर २००८ पासून असे रंग वापरण्यास बंदी आली. रंग गेला, तरी जुना थर खाली आहे. ड्रेजर खोल गेला की तो वर येतो.

मिनामाताचा उपसागर

दूषित गाळाचे काय होते, हे जगाला जपानमधील मिनामाता या मच्छीमार गावाने दाखविले. तेथील एका रासायनिक कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पारायुक्त सांडपाणी उपसागरात सोडले. पारा गाळात गेला, गाळातील जिवाणूंनी त्याचे अधिक घातक रूप बनविले, ते माशांत व माशांतून माणसांत गेले. मे १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. मासळी हाच ज्यांचा रोजचा घास होता, ती गरीब कुटुंबे सर्वप्रथम आजारी पडली. मातेच्या उदरातील बालकेही सुटली नाहीत.

आपल्या विषयाशी संबंधित भाग यापुढचा आहे. कारखान्याने पारा सोडणे थांबविल्यानंतरही उपसागराचा तळ विषारीच होता. दर दहा लाख भागांत पंचवीस भागांहून अधिक पारा असलेला गाळ हलवावयाचा, असे ठरले. १९७७ साली काम सुरू झाले. उपशामुळे विष पुन्हा पाण्यात मिसळेल, अशी भीती रहिवाशांना वाटली. त्यांनी न्यायालयात दाद मागितली व काम काही काळ थांबले. त्यांची भीती अनाठायी नव्हती. बादलीने ओरबाडून काढलेला गाळ वर येता येता धुतला जातो आणि त्यातील बारीक, म्हणजेच सर्वांत दूषित, भाग पाण्यात पसरतो. शेवटी काळजीपूर्वक उपसा करून व किनाऱ्यालगतचा भाग बांधाने बंदिस्त करून सुमारे १५ लाख घनमीटर गाळ तेथे कोंडण्यात आला, त्यावर स्वच्छ माती टाकली गेली आणि १९९० साली ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडाशी लावलेले जाळे १९९७ साली काढण्यात आले. पारा सोडणे थांबल्यापासून जाळे निघेपर्यंत एकोणतीस वर्षे गेली.

आराखड्यात काय असावे?

समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्याविषयीचा लंडन करार १९७२ साली झाला, आणि १९९६ साली त्याला अधिक कडक रूप देणारा मसुदा मंजूर झाला. तो २००६ पासून अमलात आहे. त्यात उपसलेल्या गाळाला समुद्रात टाकण्याची मुभा आहे, पण सरसकट नाही. आधी गाळ कोठून आला व त्यात काय मिसळलेले असू शकते याचा शोध. मग ठिकठिकाणचे व वेगवेगळ्या खोलीचे नमुने. मग त्याचा काही उपयोग होऊ शकतो का याचा विचार. आणि हे सर्व झाल्यावर समुद्रात टाकावयाचा की नाही याचा निर्णय, असा तो क्रम आहे. टाकल्यानंतरही त्या जागेवर लक्ष ठेवावयाचे असते.

नमुन्यांच्या निकालावरून गाळाची वर्गवारी होते. स्वच्छ वाळू भरावाला किंवा खचलेल्या किनाऱ्याला उपयोगी पडते. स्वच्छ चिखल ठरवून दिलेल्या जागी समुद्रात सोडता येतो, मात्र माशांच्या विणीचा हंगाम व मच्छीमारांची जाळी टाकण्याची ठिकाणे टाळून. मध्यम दूषित गाळातून वाळू वेगळी काढून उरलेला थोडा भाग कोंडता येतो; जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदराने यासाठी १९९३ साली स्वतंत्र कारखाना उभारला. अतिदूषित गाळाला मात्र बांध घातलेल्या, तळ व माथा झाकलेल्या कोठीत ठेवण्यावाचून फारसा पर्याय नसतो.

येथे एक धोका ध्यानात घ्यावा. समुद्राच्या तळाशी हवा पोहोचत नाही, तेव्हा पुष्कळसे धातू गंधकाशी बांधलेल्या रूपात स्थिर असतात. तोच गाळ जमिनीवर पसरला की त्यात हवा शिरते, आम्ल तयार होते, आणि बांधलेले धातू सुटून पावसाच्या पाण्यासोबत विहिरीकडे निघतात. मिठाचा प्रश्न वेगळाच. म्हणून बंदरातील गाळ ‘सुपीक’ म्हणून शेतात टाकण्याची कल्पना कोणी मांडली, तर तिच्यापासून दूरच राहावे.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराने हा अनुभव घेतलेला आहे. एकेकाळी तेथील गाळ आसपासची सखल जमीन उंच करण्यासाठी वापरीत. व्लार्डिंगन या गावाजवळ अशा रीतीने भरलेल्या विस्तीर्ण जमिनीत पुढे घातक द्रव्ये आढळली आणि तेथे घरे बांधण्याचा बेत सोडून द्यावा लागला. जमीन मिळाली होती फुकट. परंतु कामाची राहिली नाही.

त्याच रॉटरडॅमने पुढे जे केले ते आम्हाला या संपूर्ण विषयातील सर्वांत मोलाचे वाटते. ऱ्हाइन नदीच्या मुखाशी असलेल्या या बंदरात वरच्या देशांतील कारखान्यांची घाण येऊन बसे. १९८७ साली बंदराने समुद्रकाठी ‘स्लुफ्टर’ नावाची प्रचंड कोठी बांधली. पण कोठी कधीतरी भरणारच, हे ओळखून बंदराने आपली माणसे नदीच्या वरच्या अंगाला पाठविली. कोणत्या नळातून कोणते द्रव्य किती येते, हे त्यांनी मोजले, आणि पुरावा हाती घेऊन कारखानदारांशी बोलणी केली: प्रदूषण कमी करा, नाहीतर आमच्या गाळाचा खर्च न्यायालयामार्फत तुमच्याकडून मागू. १९९१ साली जर्मन रसायन उद्योगांच्या संघटनेशी करार झाला. ऱ्हाइनचा गाळ हळूहळू सुधारला व स्लुफ्टर अपेक्षेपेक्षा पुष्कळ सावकाश भरली. बंदराचा गाळ बंदरात नव्हे, तर नदीच्या वरच्या अंगाला स्वच्छ झाला.

आपल्याकडे नेमके याच्या उलट होते. गाळ काढण्याची निविदा निघते, घनमीटर मोजले जातात, देयके मंजूर होतात. गाळ शेवटी कोठे गेला हे मात्र कोणी पाहत नाही. मुंबईतील मिठी नदीचा गाळ २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर वर्षानुवर्षे काढला जात आहे. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने या कामातील कथित गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदविला. गाळ टाकण्याच्या जागांविषयीचे करार बनावट होते, हा त्यातील एक आरोप आहे. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण ‘गाळाची विल्हेवाट’ हा शब्दप्रयोगच आम्हाला खटकतो. विल्हेवाट कशाचीच लागत नाही; तो गाळ कोणाच्या तरी शिवारात, कोणाच्या तरी मासेमारीच्या जागेत पडलेला असतो, आणि तो कोणी सहसा धनिक नसतो. पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ रोजी दिलेल्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात प्रदूषणाचा संबंध ‘वापरा व फेका’ या वृत्तीशी जोडला आहे. फेकलेली वस्तू कोठे जाऊन पडते, हा प्रश्न त्यातून ओघानेच येतो.

हदगावच्या शेतकऱ्याने काय विचारावे?

हदगाव तालुक्याच्या उत्तरेकडून पैनगंगा वाहते. कयाधू तिला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा व वैनगंगा यांची प्राणहिता गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोदावरीने आणलेल्या वाळू-गाळातूनच काकीनाडा बंदरासमोर होप नावाचे लांबट बेट तयार झाले आहे. म्हणजे आपल्यालाही एक बंदर आहे, आणि आपण त्याच्या वरच्या अंगाला राहतो. कापसावर मारलेल्या औषधाचा रिकामा डबा ओढ्यात धुणारा माणूस काकीनाड्याच्या कोळ्याला कधी भेटणार नाही, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. ज्या तलावाच्या वरच्या बाजूस केवळ शेते, माळ व डोंगर आहेत, त्याचा गाळ निर्धास्तपणे घ्यावा. त्यासाठी बंदराएवढी चिंता करण्याचे कारण नाही. शंका घ्यावी ती शहराच्या किंवा मोठ्या गावाच्या खालच्या नाल्यातील, सांडपाणी मिळणाऱ्या बंधाऱ्यातील, रुग्णालयाच्या, गॅरेजच्या किंवा कारखान्याच्या गटाराला लागून असलेल्या गाळाविषयी. त्यात काच, सुया व प्लॅस्टिक तर असतेच. डोळ्यांना न दिसणारे धातूही असू शकतात, आणि ते एकदा जमिनीत गेले की नांगरून वा धुऊन निघत नाहीत. कॅडमियमसारखा धातू पालेभाज्या सहज शोषून घेतात.

नमुना घेताना बंदराचीच रीत वापरावी. तलावात पाणी शिरते त्या तोंडाशी जाड वाळू बसते, आणि बारीक चिकण गाळ बांधाजवळ. दूषित द्रव्य असलेच तर या बारीक गाळात अधिक. म्हणून तोंडाशी, मध्यभागी व बांधाजवळ अशा आठ-दहा ठिकाणांहून, वरचा व खालचा असे दोन्ही थर घेऊन, सावलीत वाळवून व मिसळून त्यातील अर्धा किलो पिशवीत भरावा. बांधाजवळच्या गाळाची पिशवी वेगळी ठेवल्यास उत्तम. नांदेड जिल्ह्यात पोखर्णी व सगरोळी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. परभणीला कृषी विद्यापीठ आहे. तेथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी: नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व नत्र-स्फुरद-पालाश पाहतात. शिसे, कॅडमियम, पारा व क्रोमियम यांची तपासणी त्यात धरलेली नसते. ती वेगळी मागावी लागते व तिचा खर्चही अधिक असतो. एकट्या शेतकऱ्याला तो झेपणार नाही. एका तलावाचा गाळ वीस-तीस जण नेत असतील तर वर्गणी काढून एकच तपासणी पुरते, आणि ग्रामसभेत ठराव करून ती गाळ काढणाऱ्या यंत्रणेकडूनच करून घेण्याची मागणीही करता येते.

केंद्रीय बंदर मंत्रालयाने अलीकडच्या वर्षांत उपसलेल्या गाळातून संपत्ती निर्माण करण्याचे धोरण पुढे आणले आहे, आणि शहरांतील नाल्यांचा गाळ घेणाऱ्या जागाही शोधल्या जात आहेत. अशा वेळी बांधावर टिप्पर येऊन उभा राहील व चालक म्हणेल, काळीभोर माती आहे, पैसे नकोत. त्याला विचारावे, कोठून आणली? उत्तर तलावाचे नाव असेल तर टिप्पर आत घ्यावा. उत्तर ‘शहरातून’ एवढेच असेल, तर तपासणीचा कागद पाहिल्याखेरीज तो रिकामा होऊ देऊ नये.